थंडीशिवाय पाकळी न धरणारा लसूण

आपल्या बाजारात जुड्या बांधून येतो तो मऊ मानेचा लसूण. कॅनडासारख्या थंड प्रदेशात मात्र कडक मानेचे वाण जास्त लावले जातात. त्यांपैकी 'म्युझिक' हा तिथला लाडका वाण. नावाचा संगीताशी संबंध नाही. इटलीहून आलेला हा लसूण ओंटारियोतील अल म्युझिक या तंबाखू उत्पादक शेतकऱ्याने वाढवला, त्यांचे आडनाव त्याला चिकटले. तंबाखूच्या जागी लसूण, हा बदल कोणत्याही डॉक्टरला आवडावा असाच!

गड्ड्यात चार ते सात मोठ्या पाकळ्या, मधून जाणारा कडक दांडा, आणि साल सहज सुटणारी. आपल्या बारीक पाकळ्या सोलून नखे दुखवून घेणाऱ्यांना याचा हेवा वाटेल. पण त्याची अट कडक आहे. पाकळ्या ऑक्टोबरात भुसभुशीत, निचऱ्याच्या जमिनीत टोक वर करून लावतात आणि वर गवताचे आच्छादन घालतात. मग हिवाळाभर थंडी लागावीच लागते. ती कमी पडली तर गड्डा अनेकदा पाकळ्यांत विभागत नाही, एकच गोल कांदा उरतो. (एक पाकळीचा लसूण औषधी म्हणून चढ्या भावाने विकला जातो, त्यात जादू काही नाही.) जूनमध्ये दांडा वळू लागला की तो खुडतात, म्हणजे अन्न गड्ड्याकडे जाते. खुडलेल्या दांड्यांची भाजी होते. खालची पाने वाळली की जुलैत काढणी, आणि मग काही आठवडे सावलीत सुकवणे. आपल्या मैदानी भागात एवढी थंडी पडत नाही, म्हणून इथे हा वाण सहसा साधत नाही.

तिखटपणा अ‍ॅलिसिनचा. ते अखंड पाकळीत नसते. ठेचल्यावर दोन घटक एकत्र येऊन तयार होते. ठेचून दहा मिनिटे थांबून मग फोडणीला टाकावा, एवढे पुरे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र लसणाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. शस्त्रक्रियेपूर्वीही त्या घेत असल्याचे सांगावे.

खरा धोका वेगळाच आहे. 1985 मध्ये व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहातील तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून 36 जणांना बोट्युलिझम झाला. पापण्या खाली येणे, दुहेरी दिसणे, गिळता न येणे ही त्याची लक्षणे. बऱ्याच जणांचे निदान सुरुवातीला चुकले. मातीतले बीजाणू पाकळीला चिकटलेले असतात. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा नसतो, आणि बरणी फ्रीजबाहेर राहिली की विष तयार होते. त्याला वास येतोच असे नाही. घरी तेलात मुरवलेला लसूण किंवा तेल घातलेली पेस्ट ओट्यावर ठेवू नये. फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावी, नाहीतर लगेच गोठवावी.