शिंगी

उन्हाळ्यात आपल्या नागपूरकडे ऊन ४५ अंशांवर जाते. बोड्या आटतात. तळाशी उरतो नुसता चिखल. बाकीचे मासे तडफडून मरतात, पण चिखल उकरला तर शिंगी जिवंत सापडते! इ. स. १७९४ साली ब्लॉख नावाच्या जर्मन डॉक्टराने या माशाला शास्त्रीय नाव दिले. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे 'खणून काढलेला'. नाव अगदी शोभते.

शिंगी मरत कशी नाही? मासे कल्ल्यांनी पाण्यातली हवा घेतात. शिंगीला कल्ले आहेतच. शिवाय कल्ल्यांमागून दोन लांब पिशव्या निघतात आणि कण्याच्या दोन्ही अंगांनी शेपटीकडे जातात. शिंगी वर येते, तोंडाने हवा घेते आणि या पिशव्यांत भरते. म्हणजे जवळ जवळ फुप्फुसेच म्हणा ना! म्हणून बाजारात घमेलाभर पाण्यात ती तासन्‌तास वळवळत असते. गिऱ्हाईकही जिवंत मासळीला दोन पैसे जास्त देतं.

शिंगीच्या अंगाला खवले नाहीत. तोंडाला आठ मिशा असतात. मांगूर तिच्यासारखाच दिसतो. पण मांगुराच्या पाठीवरचा पर लांबच लांब असतो, शिंगीचा अगदी लहान.

आता काट्याचं ऐका. छातीजवळच्या दोन्ही परांत एक एक टणक काटा असतो. त्यात विष असते. ढिवर मंडळींना हे ठाऊक आहे. फसतात ती बांधीत हातानं मासे धरणारी पोरं, नाहीतर घाईघाईने मासळी साफ करणाऱ्या बाया. काटा लागला की आग होते, कळ वर चढते, हात सुजतो.

अशा वेळी मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. जखम कापू नका. घट्ट दोरी बांधू नका. आधी स्वच्छ पाण्याने जखम धुवा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. कळ पुष्कळ कमी होते. मात्र पाणी आधी चांगल्या हाताने पाहावे. दुखऱ्या हाताला चटका नीट कळत नाही, अन् कातडी भाजते. नंतर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे विचारा. दम लागला किंवा भोवळ आली, तर गरम पाण्यासाठीही थांबू नका, थेट दवाखाना गाठा. काट्याचा तुकडा खोल रुतला असेल तर तो डॉक्टरच काढतील. घरी सुईने उकरत बसू नये.