चिमुकल्या मोटारी आणि त्यांचे चोखंदळ परीक्षक

नाताळची सुटी संपून शाळा सुरू झाली, तेव्हां इयत्ता नववींतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत पुठ्ठ्याची एक पेटी घेऊन माझ्याकडे आला. परदेशीं असलेल्या त्याच्या मामांनीं ती त्याला भेट म्हणून पाठविली होती. पेटींत १९५७ सालच्या शेव्हरोले बेल एअर या अमेरिकन मोटारीचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते; ते जोडून व रंगवून वीतभर लांबीची हुबेहूब मोटार तयार करावयाची. अशी भेट मिळाल्यावर मुलाचा चेहरा खुलावयाचा. हा मात्र खिन्न दिसला. कारण विचारतां तो म्हणाला, "सर, ही गाडी चुकीची आहे. हिचें छप्पर बुटकें झालें आहे, असें जाणते लोक लिहितात. आतां मामांना मीं काय कळवूं?" पेटीवरचें पारदर्शक वेष्टनदेखील त्यानें अजून काढलें नव्हतें.

कारखान्याचें नांव मी येथें मुद्दामच देत नाहीं. परंतु हे जाणते लोक कोण, त्यांचा न्याय कोणत्या कायद्यानें चालतो, आणि तो आपण कितपत मानावा, हें पाहण्यांत माझे पुढचे तीन-चार शनिवार गेले. जें हातीं लागलें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

हा नाद मूळचा बराचसा अमेरिकेंतला. मिशिगन प्रांतांत १९४८ सालीं ए. एम्. टी. नांवाची कंपनी निघाली. तिच्या नांवांतील पहिलें अक्षर ॲल्युमिनियमचें. कारण आरंभीं तिच्या छोट्या मोटारी त्या धातूच्या होत. लवकरच धातूची जागा प्लॅस्टिकनें घेतली. या गाड्या खऱ्या मोटारींच्या विक्रेत्यांच्या पेढींत ठेवलेल्या असत. नव्या सालच्या मोटारीचें रूप व रंग गिऱ्हाइकास दाखवावा, आणि जातां जातां त्याच्या मुलाच्या हातांतही एक गाडी द्यावी, असा तो बेत. त्या वेळचें ॲसिटेट जातीचें प्लॅस्टिक कालांतरानें वांकडें होई; जुन्या संग्रहांत पाठीला पोंक आलेल्या अशा गाड्या अद्याप आढळतात. पुढें १९५८ सालीं याच कंपनीनें सुट्या भागांच्या पेट्या विक्रीस काढल्या. एकाच पेटींतून साधी, सजविलेली किंवा शर्यतीची, यांपैकीं हवी ती गाडी बनवावी, अशी त्यांत सोय होती. तेव्हां ज्यांनीं त्या पेट्या जोडल्या ते आज आजोबा झाले आहेत, आणि परीक्षकांत त्यांचा भरणा पुष्कळ आहे.

आतां मापाविषयीं. अमेरिकन पेट्यांतील गाडी बहुधा खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाची असते. जपानी कारखाने चोविसावा हिस्सा धरतात, म्हणजे एका फुटास अर्धा इंच. आपली बेल एअर २०० इंच, म्हणजे ५०८० मिलिमीटर लांब. पंचविसाव्या हिश्शानें ती २०३ मिलिमीटर होते व चोविसाव्यानें सुमारें २१२. नऊ मिलिमीटरांसाठीं शहाण्या माणसांनीं भांडावें काय, असें वाटेल. पण दोन्ही गाड्या एका फळीवर शेजारीं ठेवून पाहा, म्हणजे त्यांचें भांडण अगदींच पोकळ नाहीं हें कळेल.

खरी गंमत याच्या पुढें आहे. मोटारीचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा धरला, तर त्याचा पंचविसावा हिस्सा ०.०४ मिलिमीटर, आपल्या वहीचा कागददेखील त्याहून जाड असतो. इतकी पातळ भिंत प्लॅस्टिकची निघत नाहीं. ती निदान मिलिमीटरभर ठेवावी लागते, आणि खऱ्या गाडीच्या मापानें ती भिंत एक इंच जाडीची होते. मग आंतल्या बैठका अरुंद कराव्या लागतात. दरवाजाच्या कडेची फट खऱ्या गाडींत चार मिलिमीटर असली तर येथें ती ०.१६ मिलिमीटर हवी. रंगाचे दोन हात बसले कीं ती बुजून जाईल, म्हणून कारखानदार ती रुंद व खोल कोरतो. तेव्हां कितीही प्रामाणिक कारखाना घ्या, त्याच्या गाडींत कोठें ना कोठें खोटें हें यावयाचेंच. तें कोठें यावें व किती यावें, एवढाच वादाचा विषय.

साच्याच्याही कांहीं अडचणी असतात. पोलादी साच्यांत तापवून पातळ केलेलें पोलिस्टायरिन दाबानें भरतात, आणि थंड झाल्यावर साचा उघडतात. मोटारीची बाजू वरच्या व खालच्या अंगाला आंत वळलेली असल्यामुळें साच्याच्या बाजू सरकत्या कराव्या लागतात. हे भाग जेथें मिळतात तेथें गाडीच्या अंगावर केसासारखी रेघ उठते. भाग जाड असेल तर निवतांना तो आक्रसतो आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. असले दोष हौशी मंडळी उदारपणें माफ करते. पॉलिश-कागद, थोडी पुटी व एक संध्याकाळ, एवढ्यानें त्यांचें निवारण होतें. उलट ज्या चकाकीनें नवशिका भुलतो तिच्यावर अनुभवी लोकांचा राग. बंपर, जाळी वगैरे भागांवर आरशासारखा मुलामा चढवून देतात. आतां या छंदांतील चिकटद्रव्य प्लॅस्टिकला किंचित् विरघळवून दोन भाग एकजीव करतें. मुलाम्यावर त्याचें कांहीं चालत नाहीं. शिवाय भाग त्याच्या दांडीपासून कापला म्हणजे तेथें उघडा पांढरा ठिपका राहतो. म्हणून कित्येक जुने लोक सगळा मुलामा धुऊन काढतात व आपल्या हातानें रुपेरी रंग देतात. मुलाच्या आईला हें सांगितलें तर ती म्हणेल, चांगली वस्तु बिघडविली!

नव्या पेटीविषयीं मतें पडतात तीं अशीं लहानमोठ्या गोष्टींवर. कोणाला बॉनेट उघडून आंत तारांसह इंजिन हवें असतें; कोणी म्हणतो, इंजिन नको, बाहेरचा आकार नेमका द्या आणि किंमत उतरवा. मोबियस नांवाच्या अमेरिकन कंपनीनें हडसन हॉर्नेट ही मोटार काढली, तेव्हां मात्र बहुतेकांनीं एकमुखानें आनंद मानला. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत शर्यती गाजविणारी ही गाडी. २००६ सालच्या 'कार्स' या चित्रपटांतील म्हातारा डॉक हडसन म्हणून आमचीं मुलें तिला ओळखतात. तिची मनाजोगी पेटी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत होते.

एका वादांत मात्र मला विशेष रस वाटला. पूर्वीं ए. एम्. टी. दर सालीं नव्या मोटारीप्रमाणें आपला तोच साचा फिरवून घेई. त्यामुळें मागल्या सालचें रूप कायमचें नाहींसें होई. न उघडलेल्या त्या जुन्या पेट्यांना पुढें भारी किंमत येऊं लागली. आतां ए. एम्. टी.चें नांव राऊंड-टू या कंपनीकडे आहे. तिनें २०२० नंतर जुन्या भागांवरून नक्कल करून नवे पोलादी साचे घडविण्यास आरंभ केला. १९६३ सालची शेव्ही नोव्हा स्टेशन-वॅगन अशीच पुन्हां अवतरली. एक पक्ष म्हणाला, देवाचे आभार, लहानपणीं जी पेटी घेण्याची ऐपत नव्हती ती आतां मिळाली. दुसरा पक्ष म्हणाला, नवें पोलाद खर्चावयाचें तर खऱ्या मोटारीवरून मापें घ्या. जुन्या खेळण्याची नक्कल कशाला? जुन्या कित्येक पेट्यांत पुढच्या चाकांचा लोखंडी आंस सरळ इंजिनाच्या पोटांतून आरपार जातो, कारण मुलांनीं गाडी जमिनीवर पळवावी अशी तेव्हांची अपेक्षा होती. पहिल्या पक्षाला मोटार नको आहे, आपलें बालपण हवें आहे. आणि त्याचीही प्रतिकृति कोणी विकत असेल तर ती घेणाऱ्यास मी हंसणार नाहीं.

आतां मुख्य तक्रारीकडे, म्हणजे आकाराकडे वळतों. छप्पर बुटकें, चाकावरची कमान सपाट, कांचेचा उतार कमी, अशा या तक्रारी असतात. येथें एक मिलिमीटर चुकला कीं खऱ्या गाडींत तो एक इंच झाला. आणि ओळखीच्या चेहऱ्यांत नाक इंचभर सरकलें तर आपण माणूस ओळखूं काय? हा दोष पॉलिश-कागदानें जात नाहीं. एक गट म्हणतो, तुम्हांस आवडत नसेल तर घेऊं नका, पण बोलूं नका. कारखाने थोडे उरले आहेत, टीकेनें तेही बंद पडतील. ही भीति सर्वस्वीं निराधार नाहीं. २०१८ च्या जानेवारींत रेव्हेल या जुन्या कंपनीच्या मालक संस्थेचें, हॉबिकोचें, दिवाळें निघालें, आणि रेव्हेल त्याच वर्षीं जर्मन गुंतवणूकदारांकडे गेली. परंतु दुसऱ्या गटाचें म्हणणें मला अधिक वजनदार वाटतें. तो म्हणतो, पोलादी साचा पन्नास-पन्नास वर्षें टिकतो. एकानें एखादी गाडी चुकीची काढली तरी दुसरा कारखाना तीच गाडी पुन्हां काढण्याच्या खर्चांत सहसा पडत नाहीं. म्हणजे ती चूक दोन पिढ्यांची झाली. खऱ्या गाड्या गंजून जातील आणि पुढच्या मुलांना हीच गाडी खरी वाटेल. यांच्या लेखीं बुटकें छप्पर म्हणजे खोटी साक्ष होय.

खरी साक्ष देण्यासाठीं कारखानदार किती खटाटोप करूं शकतो, याचें एक उदाहरण जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीचें आहे. पोर्शे ९३४ या शर्यतीच्या मोटारीची बाराव्या हिश्शाची प्रतिकृति तिनें १९७६ सालीं काढली. तयारी चालू असतां, नुसत्या छायाचित्रांनीं व टिपणांनीं काम भागेना, तेव्हां शुन्साकू तामिया यांनीं चक्क एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि आंतील रचना समजावी म्हणून तिचे भाग सुटे करविले. खेळण्यासाठीं मोटार मोडणारा हा गृहस्थ पुष्कळांना वेडा वाटला असेल. आज अशा कामास प्रकाशकिरणांनीं मापें घेणारीं यंत्रें मिळतात. तथापि यंत्रानें दिलेल्या मापांतून पातळ भिंत, रुंद फट यांच्या तडजोडी माणसालाच ठरवाव्या लागतात. आणि नेमक्या तेथें छप्पर बुटकें होतें.

असो. आमच्या विद्यार्थ्याच्या पेटीकडे परत येऊं. परीक्षकांचा निकाल मानावयाचा तर पुरावा पाहिला पाहिजे, म्हणून पहिल्या शनिवारीं पेटी उघडली आणि पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतील व्हर्नियर मापक घेतला. खऱ्या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर ११५ इंच, म्हणजे २९२१ मिलिमीटर. पंचविसावा हिस्सा ११६.८ मिलिमीटर यावा. मापक ११७ दाखवूं लागला. मुलाचा चेहरा थोडा उजळला.

छपराचें मात्र माप कोठें मिळेना. परीक्षकांचा आधार छायाचित्रांवरच होता. तेथें आम्हांस एक गोष्ट आढळली. गाडीचें छप्पर व कांचा बाजूच्या मानानें आंत असतात. छोटी गाडी अगदीं जवळून टिपली कीं बाजू कॅमेऱ्यास फार जवळ येते व मोठी दिसते, छप्पर त्या मानानें दूर पडतें व लहान दिसतें. खऱ्या गाडीचें चित्र दहा मीटरांवरून घेतलें असेल तर पंचविसाव्या हिश्शाच्या गाडीचें ४० सेंटिमीटरांवरून घ्यावयास पाहिजे. तरच तुलना न्यायाची. मुलानें घरच्या फोननें गाडीच्या सांगाड्याचीं दोन चित्रें घेतलीं, एक १५ सेंटिमीटरांवरून व एक ४० वरून. पहिल्यांत छप्पर चेपल्यासारखें दिसलें, दुसऱ्यांत तें बरेंच उठलें. पण पूर्ण उठलें नाहीं. मागच्या कांचेजवळचा खांब खऱ्याहून जाड आहे, हें परीक्षकांचें म्हणणें ४० सेंटिमीटरांवरूनही खरेंच ठरलें. मला वाटलें होतें कीं मुलगा यानें पुन्हां हिरमुसेल. तो म्हणाला, "सर, म्हणजे ते अर्धे बरोबर आहेत!" आणि कानशीच्या शोधार्थ निघून गेला.

मार्चच्या आरंभीं गाडी पुरी झाली. रंग एका ठिकाणीं ओघळला आहे. खांब त्यानें घासून थोडा बारीक केला आहे. मामांना त्यानें चार पानांचें पत्र लिहिलें व दोन्ही छायाचित्रें सोबत जोडलीं. परीक्षेच्या दिवसांत हा पोरखेळ कशाला, असें विचारावयास त्याचे वडील एकदां शाळेंत आले होते. गाडी टेबलावर होती. त्यांनीं ती उचलून डोळ्याजवळ नेली, बराच वेळ फिरवून पाहिली, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची, पद्मिनीची, अशी पेटी मिळते काय, म्हणून विचारलें. त्यांचें बालपण मुंबईंत गेलेलें. त्या गाड्यांतली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरांत टॅक्सीच्या नोंदींतून गेली, हें त्यांना तारखेसह ठाऊक होतें. मीं म्हटलें, मला ठाऊक नाहीं. पण कोणी काढलीच, तर तिचें छप्पर बरोबर आहे कीं नाहीं हें तुम्हीं सांगावें लागेल. तेव्हांपासून आमच्या विद्यार्थ्याच्या वहींत एक नवें पान सुरू झालें आहे. त्यावर पहिली ओळ अशी आहे: पद्मिनी, दोन चाकांमधील अंतर २३४० मिलिमीटर, पंचविसावा हिस्सा ९३.६. त्याखालीं वडिलांनीं पेन्सिलीनें बॉनेटचा उतार काढून दाखविला आहे, आणि तो दोनदां खोडून पुन्हां काढलेला आहे.