दहाफुटी वाघाचे स्वप्न

नागपूरच्या मनीषनगरातून पहाटे निघालेली गाडी तीनेक तासांत ताडोब्याच्या कोलारा फाटकाला लागते. उमरेड-कऱ्हांडला त्याहून जवळ, आणि उत्तरेला सिवनीच्या रस्त्याने गेले की पेंच. सोनेगावचा विमानतळ तर मनीषनगरच्या अगदी शेजारी. वाघ पाहायला देशोदेशींचे लोक याच वाटेने येतात. पण सत्तर वर्षांपूर्वी या भागात येणारा परदेशी पाहुणा वाघ मारायला येत असे, आणि त्याच्यासाठी इथे रीतसर व्यवसाय उभा राहिला होता. १९५१ साली नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून बी.ए. झालेल्या विद्याचरण शुक्ल यांनी ॲल्विन कूपर नावाची कंपनी काढली. मध्य भारतातल्या जंगलांत मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या सहली भरवणे, हे तिचे काम. पुढे केंद्रीय मंत्री म्हणून गाजलेल्या शुक्लांची ही पहिली ओळख. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि त्यांचे वडील रविशंकर शुक्ल राज्याचे मुख्यमंत्री होते. १९४९ पासून रात्रीच्या टपालसेवेची मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, त्यामुळे परगावाहून नागपूर गाठणे सोपे झाले होते. शिकाऱ्याच्या स्वप्नातली सहल प्रत्यक्षात कशी असते आणि तिच्यामागे काय उरते, हे तपासायला आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. तो प्रयोग आपल्या अंगणात होऊन गेलेला आहे.

या सहलीचा ठरलेला क्रम होता. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. वनखात्याकडून ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक मिळे आणि कोणते जनावर किती मारायचे ते परवान्यात लिहिलेले असे. छावणी पडली की स्थानिक शिकारी, बहुतेकदा गोंड किंवा बैगा, संध्याकाळी नाल्याच्या तोंडाशी, पाणवठ्याच्या वाटेवर, अशा चार-सहा ठिकाणी रेडकू बांधून येत. पहाटे फेरी मारायची. एखादे रेडकू मारलेले दिसले की वाघ पोटभर खाऊन जवळच्याच गारव्याला झोपलेला असणार, हे धरून हाका ठरे. पाहुणा मचाणावर बसे. मचाणाच्या दोन्ही बाजूंना दूरवर झाडांवर एकेक माणूस चढवून ठेवत. वाघ त्या बाजूला वळू लागला की त्याने बुंध्यावर हलकेच टकटक करायची, म्हणजे वाघ बिथरत नाही, फक्त मचाणाकडे सरकतो. मग पलीकडून गावकऱ्यांची रांग डबे, ढोल वाजवत पुढे येई. वाघ पडल्यावर मोजमाप. नाकाच्या टोकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ अंतर मोजायचे की पट्टी पाठीच्या वळणांवरून फिरवायची, यावर शिकाऱ्यांत कायम वाद चाले. वळणांवरून मोजले की काही इंच वाढतात आणि नऊ फुटांच्या पुढचा वाघ दहाफुटी होतो. कातडे मीठ लावून पेंढा भरण्यासाठी रवाना व्हायचे. म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांच्या कारखान्याचे त्या कामात जगभर नाव होते.

शिकारीच्या बाजूने पूर्वीही एक युक्तिवाद होता आणि आजही तो जगभर मांडला जातो. शिकारी पैसे देतो, त्या पैशातून जंगल टिकते. परवान्यामुळे संख्येवर मर्यादा राहते, आणि जनावराला किंमत आली की लोक त्याला जपतात. हा विचार सहज झटकून टाकण्यासारखा नाही. मध्य प्रांताच्या वन्यजीवांवर १९२३ साली ग्रंथ लिहिणारे डनबार ब्रँडर वनाधिकारी होते आणि शिकारीही होते. जंगलाची इतकी बारीक जाण असलेली माणसे त्या काळी थोडीच होती. पण चांगल्या शिकाऱ्यांच्या गुणांवरून संपूर्ण व्यवस्थेचा निकाल लागत नाही. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला आकडा असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. सरगुजाचे महाराज रामानुज शरण सिंह देव यांच्या स्वतःच्याच हिशेबाने त्यांनी एकट्याने अकराशेच्या वर वाघ मारले. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत विजयनगरमच्या महाराजकुमारांनी कान्हाच्या परिसरात तीस वाघ मारले. ते उघड झाल्यावर गदारोळ झाला आणि १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. परवाना ज्याला मिळतो त्याच्या दर्जावर मर्यादा ठरू लागली, की कागदावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

मूळ दोष मात्र माणसांच्या हावेपेक्षा खोल होता, असे मला वाटते. पहिली गोष्ट, किती वाघ आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हते. ज्या धनाची मोजदाद नाही, त्याचे व्याज किती आणि मुद्दल किती हे ठरवणार कसे? १९६९ साली दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या अधिवेशनात वाघाच्या घटत्या संख्येचा प्रश्न ऐरणीवर आला, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, आणि १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. डॉलर येत होते, परवाने होते, नियम होते, आणि तरीही आपण तिथवर घसरलो होतो. शिकारीबरोबर जंगलतोड, विषप्रयोग आणि कातड्यांची परदेशी मागणी हीही कारणे होती. पण शिकारीचा पैसा यांपैकी एकालाही आवर घालू शकला नाही, आणि मुद्दा नेमका तोच आहे.

दुसरी गोष्ट वाघाच्या स्वभावाची. दहाफुटी वाघ हवा असलेल्या शिकाऱ्याला नेमका तोच नर हवा असतो, जो आपला इलाखा राखून असतो. त्या इलाख्यात दोन-तीन वाघिणी आणि त्यांची पिल्ले असतात. तो मेला की बाहेरचा नर येतो आणि आधीच्या नराची पिल्ले बहुधा मारून टाकतो, कारण पिल्ले गेल्यावर वाघीण पुन्हा माजावर येते. पिल्ले जवळपास दोन वर्षे आईवर अवलंबून असतात, म्हणजे मधल्या काळातली वीण वाया गेली. परवान्यावर एक वाघ लिहिलेला असतो, हिशेबातून मात्र चार-पाच गेलेले असतात. म्हातारा, वीण संपलेला नरच मारावा, अशी अट आफ्रिकेत सिंहांसाठी काही ठिकाणी घालतात. उघड्या माळावर, दिवसाउजेडी, आयाळ आणि नाकाचा रंग पाहून वयाचा अंदाज बांधता येतो. बांबूच्या रांजीत काही क्षण दिसणाऱ्या वाघाचे वय मचाणावरून कोण ठरवणार?

यावर नामिबियाचे उदाहरण दिले जाते, आणि ते खरे आहे. १९९६ च्या कायद्याने तिथल्या ग्रामसमूहांना आपल्या भूमीवरच्या वन्यजीवांवर हक्क मिळाले. शिकारीच्या शुल्काचा पैसा आणि जनावराचे मांस गावाला मिळते. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये मारखोर या डोंगरी बोकडाचे मोजके परवाने लिलावात जातात, एकेका परवान्याला लाखभर डॉलरहून अधिक बोली लागते, आणि त्यातला ८० टक्के वाटा स्थानिक लोकांना मिळतो. तिथे मारखोर वाढला. पण ही यशे बंदुकीने मिळवलेली नाहीत. मालकी गावाची, मोजणी चोख, बळी म्हाताऱ्या नराचा, आणि पैसा त्या जनावराबरोबर राहणाऱ्याच्या हातात, या चार अटी जिथे पाळल्या गेल्या तिथे ती मिळाली. नाही पाळल्या की काय होते तेही जगाने पाहिले आहे. २०१५ साली झिम्बाब्वेत ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकी दंतवैद्याने मारला. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणाच्या आत मारायला देतात. आपल्या ब्लॉकमधल्या हाकाऱ्याला दिवसाची मजुरी मिळे. वाघ मेला काय, जगला काय, त्याच्या घरात फरक पडत नव्हता.

आणखी एक आक्षेप जास्त बोचरा आहे. बंदी आली, शिकारी गेले आणि चोरटे आले. सरिस्कात २००५ पर्यंत एकही वाघ उरला नाही, पुढे पन्नाचेही तेच झाले. हे नाकारता येणार नाही. राखण ढिली पडली की कायदा पोकळ होतो. पण बंदी कायम ठेवून राखण घट्ट केली तर काय होते, त्याचा पुरावा आपल्या राज्यात आहे. महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघांचा अंदाज होता, २०१४ साली १९०, २०१८ साली ३१२, आणि २०२२ साली ४४४. या वाढीत शिकारीच्या परवान्याचा एक रुपयाही नाही.

मग नरभक्षकाचे काय? कायद्याच्या कलम ११ मध्ये त्याची तरतूद आहेच. मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेली टी-१ वाघीण, लोकांच्या तोंडी अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री खासगी शिकाऱ्याच्या पथकाने मारली. मागे दोन पिल्ले राहिली. त्यातले मादी पिल्लू पकडून पेंचला वाढवले, २०२१ साली जंगलात सोडले, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीतल्या जखमांनी ते मेले. तेरा घरांचे दुःख खरे आणि ही हानीही खरी. असे काम करावे लागलेच तर ते वनखात्याच्या प्रशिक्षित माणसांनी करावे. हौसेचा आणि त्याचा संबंध येऊ देऊ नये. रोही आणि रानडुकरांनी उभे पीक लोळवलेल्या शेतकऱ्याचा प्रश्नही तसाच वेगळा आहे. त्याला परवानगी, कुंपण आणि भरपाई वेळेवर हवी. त्याच्या गाऱ्हाण्याच्या आडोशाने ट्रॉफीची शिकार परत आणण्याचा विचार कुणी मांडत असेल, तर तो शेतकऱ्याचाही गैरवापर आहे.

उरतो तो कॅमेरा घेऊन जाणाऱ्या आपणा सगळ्यांचा प्रवास. जुन्या सहलीत गावाचा वाटा मजुरीपुरता होता. आज ताडोब्याच्या मोहर्ली-कोलाऱ्यात जिप्सी चालवणारे, गाइड, रिसॉर्टमध्ये काम करणारे स्थानिक तरुण दिसतात, आणि २०१५ पासूनच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांत गॅस, कुंपण यांसारखी कामे होतात. हा फरक मोठा आहे. तरी मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करायला पहाटे जंगलात शिरणारी बाई आणि फाटकावर तिकीट फाडून आत जाणारा पर्यटक एकाच वाघाच्या वाटेवर असतात, आणि जोखीम मात्र तिचीच जास्त असते. फाटकावर जमा होणाऱ्या शुल्कातले किती रुपये कोणत्या गावाला गेले, याचा वर्षाचा हिशेब त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि फाटकावरही लावावा. नागपूरहून जाणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता यावा, आणि गावाला त्यावर प्रश्न विचारता यावा.