विश्लेषण : बायबलमधले ‘ते’ आश्वासन नेमके कोणाला दिले होते?

बारावीचा निकाल, परदेशाचा व्हिसा, घरातल्या कुणाची मोठी शस्त्रक्रिया... असा प्रसंग आला की ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वचन हमखास फिरते : यिर्मया २९:११. देवाने तुमच्यासाठी योजले आहे ते भल्याचेच, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. पण कधी व्हिसा नाकारला जातो, कधी रुग्ण दगावतो आणि ‘आपलाच विश्वास कमी पडला’ हा सल त्या घरात राहून जातो. त्या वचनाने मुळात तसे आश्वासन दिले होते का?

हे वचन येते कुठून?

एका पत्रातून. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा राजा, दरबारी आणि कारागीर यांना कैद करून नेले. मागे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने त्यांना हे पत्र पाठवले. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा लोकांना सांगत होता, की दोन वर्षांत सगळे परत येतील. साहजिकच तो लोकप्रिय होता. यिर्मयाने कळवले ते उलटेच : तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहराने तुम्हाला कैद केले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परतीला सत्तर वर्षे लागतील. या वाक्यानंतर लगेच ते प्रसिद्ध वचन येते.

सत्तर हा आकडा पूर्णांकी आहे, असे बरेच अभ्यासक मानतात. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले आणि परतीची वाट मोकळी झाली, म्हणजे हिशेब साठीच्या आसपास जातो. पण ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ लख्ख कळला असणार. पत्र वाचले गेले तेव्हा जो चाळिशीत होता, तो परतणार नव्हता. ‘आशा’ हा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला तो नातवंडांच्या नावाने. आपण नेमका हाच भाग वगळून ते वचन फुलांच्या चित्रावर छापतो.

‘तू’ की ‘तुम्ही’?

मूळ हिब्रूत इथे अनेकवचन आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे वाचणाऱ्याला ते आपल्या एकट्यासाठी वाटते. मराठीत हा घोटाळा व्हायला नको, कारण मराठी बायबलमध्ये देव एका माणसाशी बोलतो तेव्हा ‘तू’ म्हणतो. तिथला ‘तुम्ही’ आदरार्थी नसतो, समूहासाठी असतो. तरी रोजच्या सवयीने आपण तो आदरार्थी समजून वाचतो. शिवाय काही इंग्रजी भाषांतरांत जिथे भरभराट सुचवणारा शब्द आहे, तिथे हिब्रूत ‘शालोम’ आहे : शांती, कुशल, हित. चार वचने आधी बाबेल शहरासाठी मागायला सांगितले, तेही शालोमच.

साहित्यप्रकाराचा संबंध काय?

बायबल हे एक पुस्तक नाही, ते ग्रंथालय आहे. प्रोटेस्टंट परंपरेत ६६ पुस्तके, कॅथलिक परंपरेत ७३. त्यांत कायदा आहे, इतिहास, विलापगीते, म्हणी, पत्रे, दृष्टान्तरूप भविष्यकथन आहे. म्हण अनुभवाचे सार सांगते. तिला करारपत्र समजले की फसगत होते. ईयोबाचे पुस्तक तर जवळजवळ सगळे संवादात. त्यातले ‘सुरुवात लहान, पण शेवट मोठा’ अशा आशयाचे वचन दक्षिण कोरियात दुकानांच्या भिंतीवर लावतात. बोलणारा आहे ईयोबाचा मित्र बिल्दद, आणि पुस्तकाच्या शेवटी देव या मित्रांवरच रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत!

वचनांचे आकडेही मूळचे नव्हेत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, वचनांचे क्रमांक सोळाव्या. संदर्भ शोधायला ती सोय उत्तम, पण त्यामुळेच एक ओळ तोडून घेणे सोपे झाले.

चर्चला हे मान्य आहे का?

कॅथलिक चर्चमध्ये पोप पायस बारावे यांनी १९४३ च्या परिपत्रकात साहित्यप्रकार ओळखूनच अर्थ लावावा, असे सांगितले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तेच अधिकृत केले. अनेक प्रोटेस्टंट धर्मविद्यालयांतही हाच धडा आधी शिकवतात. प्रवचनात तो किती उतरतो, हा वेगळा विषय.

मग हे वचन आज वापरूच नये?

तसे म्हणणे ताणलेले होईल. खुद्द बायबलमध्ये दानिएलाच्या पुस्तकात यिर्मयाची सत्तर वर्षे पुन्हा वाचली जातात आणि त्यांना नवा अर्थ मिळतो. जुने पत्र नव्या संकटात उघडणे ही परंपराच आहे. मात्र दानिएल सत्तर वर्षे गाळत नाही, त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. रुग्णालयात बसलेल्या माणसाला हे पत्र जरूर वाचून दाखवावे, पण पूर्ण. ‘लवकर सुटका होईल’ असे ते म्हणत नाही. परक्या जागीही जगणे थांबवू नका, असे म्हणते.

पहिल्या वाचकांना ते गोड लागलेच नव्हते. बाबेलमधल्या शमाया नावाच्या एकाने यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र धाडले : या वेड्याला अजून खोड्यात कसे घातले नाही?