निजामाच्या प्रार्थनेपासून राज्यगीतापर्यंत

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या गीतात निजाम उस्मान अली खान यांच्या सलामतीची प्रार्थना होती. राज्य म्हणजे राजा, हाच त्याचा अर्थ. म्हणूनच १९३८ मध्ये हैदराबाद आणि औरंगाबादच्या वसतिगृहांत विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले, तेव्हा सरकारला ते बंड वाटले. मुलांना काढून टाकले. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. एका गाण्यासाठी शिक्षण पणाला लावणे, केवढे हे धैर्य! पूर्वी अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ त्याच वर्षी निजाम सरकारविरुद्ध सत्याग्रह करून तुरुंगात गेले. पुढे स्वतंत्र भारतात २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले. त्यात राजाचे नाव नाही, प्रदेशांची नावे आहेत. राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झाले. त्यात बीडच्या उत्तर सीमेवरची गोदावरीही आहे.