दोनशे डॉलरचा प्रोसेसर

गेमही खेळायचे, व्हिडिओही एडिट करायचे आणि पैसे मात्र बेताचेच, अशा माणसाने कोणता प्रोसेसर घ्यावा? २०११ पासून या प्रश्नाचे उत्तर चार-पाच वेळा तरी उलटेपालटे झाले. आकडा मात्र फारसा हलला नाही. अमेरिकेतल्या छापील भावाने दोनशे डॉलर, थोडे इकडे थोडे तिकडे. आपल्याकडे तेच दोनशे डॉलर २०११ च्या सुरुवातीला नऊ हजार रुपये होते आणि २०२४ संपताना सतरा हजार, तेही कर धरायच्या आधी. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने टॅक्सीवालाही तिथे पोचवणार नाही) कोटेशन घेणाऱ्याला प्रोसेसर दरवर्षी महाग होतोय असेच वाटत राहिले. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला तसे वाटायचे कारण नव्हते.

जानेवारी २०११ मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली. तिच्यातला कोअर आय५-२५००के २१६ डॉलरचा होता. चार कोअर, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, आणि थोडे व्होल्टेज वाढवले की साडेचारपर्यंत सहज जाणारा. गेमसाठी त्या भावात तेव्हा त्याच्या तोडीचे काही नव्हते. एडिटिंगवाल्यांसाठी याच पिढीत आणखी एक गोष्ट आली होती. तिचे महत्त्व बहुतेकांना नंतर कळले. ती म्हणजे क्विक सिंक. व्हिडिओ उलगडण्याचे आणि पुन्हा दाबून बांधण्याचे काम करणारे वेगळे सर्किट इंटेलने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागातच बसवले होते. गंमत अशी की ज्या पी६७ बोर्डावर वेग वाढवता येई त्यावर हे ग्राफिक्स बंद, आणि ज्या एच६७ वर ग्राफिक्स चालू त्यावर वेग वाढवायला मनाई. दोन्ही एकत्र देणारा झेड६८ मे महिन्यात आला. गेम आणि एडिटिंग यांची भांडणे अशी पहिल्या दिवसापासूनची आहेत.

एएमडीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बुलडोझर आणला आणि ‘आठ कोअर’ म्हणून विकला. ते आठ कोअर चार जोड्यांमध्ये होते आणि प्रत्येक जोडीत दशांश गणिताचे एकक सामाईक होते. यावरून अमेरिकेत खटला झाला, पुढे कंपनीला तडजोडीत एक कोटी एकवीस लाख डॉलर मोजावे लागले. पण २०१२ च्या एफएक्स-८३५० बद्दल न्यायाने बोलायला हवे. १९५ डॉलरचा हा प्रोसेसर रेंडरला इंटेलच्या चार कोअरी आय५ ला मागे टाकायचा. गेममध्ये मात्र मार खायचा, कारण तेव्हाचे गेम एका-दोन कोअरवरच सगळा भार टाकत. फक्त लग्नाचे मिक्सिंग करणाऱ्याला तो परवडला. रात्री खेळणाऱ्याला नाही.

मग पाच-सहा वर्षे काहीच झाले नाही असे म्हटले तरी चालेल. इंटेलच्या सर्वसामान्य मालिकेत २००७ च्या क्यू६६०० ला चार कोअर होते आणि जानेवारी २०१७ च्या आय७-७७००के लाही चारच. दर वर्षी नवे नाव, थोडा वेग आणि बऱ्याचदा नवा बोर्ड. स्पर्धक नसला की काय होते ते या दशकात स्वच्छ दिसले.

२ मार्च २०१७ ला एएमडीचा रायझन आला. पहिल्या लाटेतले प्रोसेसर आठ कोअरचे होते, पण आपल्या गिऱ्हाइकाचा खरा दिवस ११ एप्रिल. त्या दिवशी रायझन ५ १६०० बाजारात आला: २१९ डॉलर, सहा कोअर, बारा थ्रेड, डब्यात पंखाही. इंटेलचा आय५-७६००के तेव्हा २४२ डॉलरला होता. चार कोअर, चार थ्रेड, पंखा वेगळा घ्या. सुरुवातीला रायझन रॅमच्या बाबतीत नखरे करायचा, बायॉसचे अपडेट टाकत बसावे लागायचे, आणि नुसत्या गेमच्या आकड्यांत इंटेल पुढेच होता. तरी मला हा त्या दशकातला सर्वांत शहाणा सौदा वाटतो. एक तर रेंडरचा वेळ चक्क घटला. दुसरे, गेमच बदलत होते. २०१३ पासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्समध्ये आठ कोअर होते, दुबळे का होईना, आणि मोठे गेम आधी त्यांच्यासाठी लिहिले जात. असॅसिन्स क्रीड ओरिजिन्ससारख्या गेममध्ये चार थ्रेडचा आय५ सरासरीत ठीक दिसे, पण मध्येच अडखळे.

इंटेलने सहाच महिन्यांत सहा कोअरचा आय५-८४०० काढला, १८२ डॉलरला. दहा वर्षे न जमलेली गोष्ट सहा महिन्यांत जमली! गेमसाठी तो उत्तमच होता. पण सॉकेट तोच असूनही जुन्या बोर्डावर चालत नव्हता, आणि स्वस्त बोर्ड यायला २०१८ चा एप्रिल उजाडला.

बोर्डाचा हा हिशेब प्रोसेसरच्या किमतीइतकाच मोठा आहे, आणि कोटेशनच्या कागदावर तो कधी दिसत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे बोर्ड दुकानांत आले ते २०१७ मध्ये. २०१९ मध्ये १९९ डॉलरचा रायझन ५ ३६०० आला, तो त्याच बोर्डावर बसला. २०२० मध्ये कंपनीने नव्या ५००० मालिकेसाठी बी४५० बोर्ड चालणार नाहीत असे जाहीर केले, गिऱ्हाइके खवळली आणि त्याच महिन्यात निर्णय फिरला. २०२२ मध्ये तर पहिल्या बी३५० बोर्डांनाही परवानगी मिळाली. म्हणजे १६०० घेतलेल्या माणसाला पाच वर्षांनी बोर्ड आणि रॅम न बदलता ५६०० बसवता आला. मात्र एएमडीला संत समजू नये. नोव्हेंबर २०२० मध्ये हातात बाजी आली तेव्हा त्यांचा सर्वांत स्वस्त नवा प्रोसेसर, ५६००एक्स, २९९ डॉलरचा होता. १९९ डॉलरचा ५६०० आला तो एप्रिल २०२२ मध्ये, जानेवारीत इंटेलने आय५-१२४०० उतरवल्यानंतर.

हा १२४०० मला एवढ्यासाठी महत्त्वाचा वाटतो की त्याच्या दोन आवृत्त्या होत्या. १२४०० ला १९२ डॉलर, १२४००एफ ला १६७. ‘एफ’ म्हणजे आतले ग्राफिक्स बंद. दुकानदार हमखास एफ सुचवतो: ग्राफिक कार्ड घेताच आहात, मग पंचवीस डॉलर कशाला घालवता? नुसता गेम खेळणाऱ्याला हा सल्ला अगदी बरोबर आहे. एडिटरचे मात्र त्यात क्विक सिंक जाते. २०२० नंतरच्या सोनी, कॅननच्या कॅमेऱ्यांतून एच.२६५ चे १०-बिट ४:२:२ चित्रण येऊ लागले. एनव्हिडियाची कार्डे २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत ते उलगडू शकत नव्हती, इंटेलचे प्रोसेसरमधले ग्राफिक्स अकराव्या पिढीपासून उलगडत होते. तीस हजारांचे कार्ड जिथे हात टेकायचे तिथे पंचवीस डॉलरचा फरक टाइमलाइन पळवायचा. तेवढे पैसे वाचवून आयुष्यभर प्रॉक्सी फाइली बनवत बसलेले एडिटर कमी नसतील.

याच सुमारास दोन वाटा ठळकपणे फुटल्या. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने ५८००एक्स३डी आणला. चिपच्या डोक्यावर आणखी एक थर चढवून त्याची कॅश ९६ मेगाबाइट केली होती. गेममध्ये तो सुसाट सुटला. रेंडरमध्ये साध्या ५८००एक्स पेक्षाही जरा मागे, कारण वेग कमी ठेवावा लागला होता. इंटेलने उलट दिशा धरली, छोटे कोअर वाढवत नेले. १३६००के मध्ये सहा मोठे आणि आठ छोटे. तो ३१९ डॉलरचा, म्हणजे आपल्या रेषेबाहेरचा, पण दोन्ही कामे करणाऱ्यासाठी काही काळ तोच राजा होता. २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या महागड्या प्रोसेसरना जादा व्होल्टेजची बाधा असल्याचे इंटेलने कबूल केले, मायक्रोकोड दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. वापरलेला १३६००के स्वस्तात मिळत असेल तर बायॉस नवा आहे का आणि वॉरंटी किती उरली आहे, हे आधी पाहावे.

आता कुणी विचारले तर मी आधी कॅमेरा कोणता ते विचारतो. ४:२:२ चित्रण आणि हाताशी जुने कार्ड असेल, तर ग्राफिक्सवाला इंटेल आय५, एफ नव्हे. मोबाइलचे किंवा साधे ८-बिट चित्रण असेल आणि संध्याकाळी खेळायचे असेल, तर एएम५ बोर्डावर रायझन ५ ७६००. डीडीआर५ रॅमचे पैसे जास्त जातील, पण तो सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवू असे एएमडीने सांगितले आहे. आणि घरात एएम४ बोर्ड आधीच असेल, तर नवा पीसी घेण्याचा विचार तूर्त सोडावा. त्यावर ५६०० टाकावा आणि उरलेल्या पैशांत एसएसडी घ्यावी.