‘सेंटर’ शब्दाचें कूळ

भूमितीच्या तासास ‘सेंटर’ हा शब्द कानीं पडला, कीं पुष्कळ विद्यार्थी तो परका समजून नुसता पाठ करितात. परंतु या शब्दाचें कूळ शोधूं लागल्यास आपणांस बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराकडेच वळावें लागतें, असें आम्हीं म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल.

या बाजारांत बैलांची मोठी खरेदीविक्री होते. बैल हाकणाऱ्या जुन्या शेतकऱ्याच्या हातीं पराणी असे व तिच्या टोंकास लोखंडी आर बसविलेली असे. अशा अणकुचीदार वस्तूस ग्रीक लोक ‘केन्ट्रॉन’ म्हणत. नव्या कराराच्या मूळ ग्रीक पाठांत, ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायांत, हा शब्द पराणीच्याच अर्थानें आला आहे. कंपासाचा एक पाय रोवून दुसरा फिरविला म्हणजे वर्तुळ उमटतें. त्या रोवलेल्या टोंकाच्या जागेसही तेंच नांव पडलें. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडानें वर्तुळाच्या मध्यबिंदूस हाच शब्द योजिला. पुढें लॅटिन व फ्रेंच भाषांतून तो इंग्रजींत ‘सेंटर’ होऊन आला.

याच शब्दानें दुसरी वाटही धरिली. ग्रीक ज्योतिषाबरोबर तो भारतांत आला व संस्कृतांत ‘केंद्र’ झाला. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या ग्रंथांत तो आढळतो. कुंडलींतील पहिलें, चौथें, सातवें व दहावें या स्थानांस केंद्रें म्हणतात. सातव्या स्थानाचें ‘जामित्र’ हें नांवही ग्रीकच. इंग्रजी ‘डायमीटर’ व तें एकाच मुळाचे, कारण हें स्थान पहिल्याच्या अगदीं समोर पडतें.

तेव्हां ‘केंद्र’ हें ‘सेंटर’चें भाषांतर नसून दोन्ही एकाच शब्दाचीं रूपें आहेत. परीक्षाकेंद्र, आरोग्यकेंद्र, केंद्र सरकार, या सर्वांत अर्थ तोच: ज्याच्याभोंवतीं बाकीचें फिरतें तें ठिकाण.

पालकांस आमची एक विनंति आहे. मूल भूमितीचें पुस्तक घेऊन बसलें असतां, ‘आम्हांस इंग्रजी येत नाहीं’ म्हणून दूर सरूं नये. खळ्यांत मळणीचे बैल कसे फिरत, हें त्यास सांगावें. तिवडा म्हणजे केंद्र, त्यास बांधलेला दोर म्हणजे त्रिज्या, आणि बैलांची वाट म्हणजे परीघ. मुलांनींही घरीं वडीलधाऱ्यांस पराणीविषयीं विचारावें. ‘सेंटर’चा पहिला अर्थ त्यांच्या हातांस पूर्वींपासून ठाऊक आहे.